सिंगल-सीटर स्लॉट कार अडखळते, मधूनच थांबते: लक्षणे, तपासणीचा क्रम आणि कुठे थांबावे

लक्षणे

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून विजेवर धावणारी छोटी मॉडेल गाडी; इथे विषय आहे तो फॉर्म्युला वनसारख्या सिंगल-सीटर, म्हणजे एकआसनी, रेसिंग गाडीच्या मॉडेलचा. गाडी खाचेत ठेवून कंट्रोलरचा (हातातल्या वेग-नियंत्रकाचा) ट्रिगर दाबल्यावर ती दोन-तीन गचके देते आणि मगच सुटते, हे पहिले लक्षण. वळण संपवून सरळ रस्त्यावर वेग घेताना, नेमक्या जोर लावण्याच्या क्षणी तिची ताकद जाते आणि लगेच परत येते, हे दुसरे. तिसऱ्या प्रकारात गाडी दर फेरीला ट्रॅकवरच्या एका ठरावीक जागीच मंदावते आणि बोटाने किंचित ढकलली की पुढे निघते. चौथ्या प्रकारात नाकाखाली ठिणग्या दिसतात, आणि गाडी उलटी करून पाहिल्यास वीज उचलणाऱ्या तांब्याच्या वेण्या काळ्या पडलेल्या आढळतात. पाचवे लक्षण वेगळे आहे: सुरुवातीला गाडी उत्तम धावते, काही मिनिटांनी सुस्तावते, मोटरचा भाग चांगलाच तापतो आणि थंड झाल्यावर गाडी पुन्हा पहिल्यासारखी होते. याशिवाय, मोटरचा आवाज येतो पण मागची चाके फिरत नाहीत किंवा गाडी पूर्ण निपचित पडते, अशा दोन टोकाच्या अवस्था असतात.

पहिल्या चार लक्षणांचे मूळ एकच असते, ते म्हणजे वीज गाडीपर्यंत अखंड पोहोचत नाही. पाचवे लक्षण बहुतांशी घर्षणाचे किंवा गाडीला ट्रॅककडे ओढून धरणाऱ्या चुंबकाचे असते. मोटर खरोखर निकामी झालेली असणे हे सर्वांत क्वचित घडते, आणि तरीही या तक्रारीने दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक गाड्यांत मालकाने आधी नवी मोटर बसवून पाहिलेली असते. पैसे जातात, सोल्डर केलेले सांधे विनाकारण उकलले जातात आणि दोष होता तिथेच राहतो. म्हणून खालील क्रम पाळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यात आधी बिनखर्चाच्या तपासण्या आहेत आणि मोटर अगदी शेवटी आहे.

एकआसनी गाडीतच हा दोष अधिक का

फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये स्केलेक्सट्रिक बाजारात आणले, तेव्हापासून या खेळाचे मूळ तत्त्व बदललेले नाही. ट्रॅकमध्ये एक खाच असते, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात आणि गाडी त्यांवर घासत जाऊन वीज उचलते. आजच्या १:३२ गाड्यांत, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-बत्तिसांश आकाराच्या मॉडेलांत, हे काम गाइड नावाचा, नाकाखाली डावी-उजवीकडे फिरणारा प्लॅस्टिकचा भाग करतो. त्याचे पाते खाचेत उतरते आणि पात्याच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या बारीक तारांच्या वेण्या पट्ट्यांवर टेकतात. तिथून दोन तारा मोटरकडे जातात. म्हणजे मोटरला मिळणारी सगळी वीज केवळ या स्पर्शावर अवलंबून असते, आणि हा स्पर्श टिकतो तो नाकाच्या वजनाने.

आता खऱ्या गाडीची मापे पाहा. २०२२ च्या नियमांप्रमाणे फॉर्म्युला वन गाडीची कमाल रुंदी २००० मिलिमीटर आणि दोन आसांमधले कमाल अंतर ३६०० मिलिमीटर होते. १:३२ मध्ये हे अनुक्रमे ६२.५ आणि ११२.५ मिलिमीटर होते. टायरचा ७२० मिलिमीटरचा व्यास साडेबावीस मिलिमीटरवर येतो. लांब, सडपातळ अंगाच्या या गाडीत मोटर, गिअर, मागचे रुंद टायर आणि बहुतेक वेळा चुंबकही मागच्या अर्ध्या भागात असतो. पुढे उरते ते प्लॅस्टिकचे निमुळते नाक आणि गाडीच्या पूर्ण रुंदीचा पातळ पुढचा पंख. जीटी किंवा रॅली प्रकारच्या मॉडेलमध्ये गाइडच्या वर जाड बॉडी, दिव्यांची चौकट आणि काचा यांचे थोडे वजन असते, ते इथे नाही. वेग घेताना भार मागे सरकतो आणि आधीच हलके असलेले नाक आणखी हलके होते. दुसरे लक्षण नेमके वळणातून बाहेर पडताना का दिसते, याचे उत्तर यातच आहे.

पहिली पायरी: दोष गाडीत आहे की ट्रॅकमध्ये

यासाठी काहीही उघडावे लागत नाही. तीच गाडी दुसऱ्या लेनवर चालवावी आणि मग दुसरी, निश्चित चांगली असलेली गाडी पहिल्या लेनवर चालवावी. दोष गाडीबरोबर गेला तर तो गाडीत आहे. दोष लेनवरच राहिला तर दोन्ही कंट्रोलरच्या जागा बदलून पाहाव्यात, म्हणजे कंट्रोलर आणि ट्रॅक यांतला निवाडाही होतो. कंट्रोलरच्या दोषाची खूण अशी, की पूर्ण दाबल्यावर गाडी व्यवस्थित पळते, पण अर्ध्या दाबात गचके देते, कारण आतला सरकणारा स्पर्श मधल्या टप्प्यात झिजलेला किंवा मळलेला असतो.

या पायरीला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि ती वगळली तर पुढचे सगळे काम अंदाजाने होते. दोष एकाच ठरावीक जागी दिसत असेल तर त्या जागेवर खडूने खूण करून ठेवावी. ती ट्रॅकच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर येते की वळणाच्या मध्यावर की चढाच्या माथ्यावर, हे पुढे उपयोगी पडते.

दुसरी पायरी: स्वच्छता

ट्रॅकच्या पट्ट्या आधी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात. कापड काळे निघाले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका हात द्यावा. मोबाइल दुरुस्तीला लागणारे सामान विकणाऱ्या दुकानांत ते सहज मिळते. वीजपुरवठा बंद करूनच हे काम करावे, आणि अल्कोहोल पूर्ण उडून गेल्याशिवाय तो सुरू करू नये, कारण वेण्यांखाली ठिणगी पडते आणि अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. गंज दिसत असेल तर खोडरबराने किंवा मॉडेल रेल्वेसाठी मिळणाऱ्या ट्रॅक-रबराने तो घासून काढावा. सँडपेपर मात्र वापरू नये. त्याने पट्टीवरचा मुलामा निघून जातो, ओरखडे पडतात, आणि मग त्याच जागी गंज अधिक लवकर धरतो. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळी हवेत जमिनीवर मांडून ठेवलेल्या ट्रॅकला हा त्रास हमखास होतो. तिथे जून ते सप्टेंबर ट्रॅक सुटा करून, बंद खोक्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवणे सर्वांत चांगले.

पट्ट्यांवर तेलाचा फवारा मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने गंज थांबतो हे खरे, पण तेलाचा थर धूळ धरतो, आणि तो टायरवर गेला की गाडी वळणात घसरू लागते. मग एका दोषाच्या जागी दोन होतात.

गाडीच्या बाजूला मागचा ॲक्सल भिंगाखाली पाहावा. गालिच्याचे धागे आणि केस चाक व बुश (ॲक्सल ज्यात फिरतो ती छोटी कडी) यांच्या मधल्या फटीत गुंडाळले जातात, आणि वरून पाहिल्यास तिथे काही आहे असे वाटतही नाही. टोकदार चिमट्याने ते सोडवून काढावेत. चुंबकालाही बारीक लोखंडी कण चिकटलेले असतात; चिकटपट्टीची चिकट बाजू त्यावर दाबून उचलली की ते निघतात. हे कण कधीकधी पट्टीवर पडून दोन्ही बाजू जोडतात आणि क्षणिक शॉर्ट सर्किट होते.

तिसरी पायरी: वेण्या आणि गाइड

बहुतेक गाड्या या पायरीवरच बऱ्या होतात, म्हणून इथे घाई करू नये.

आधी बोटाची चाचणी करावी. गाडी खाचेत ठेवून अगदी कमी वेगात चालवावी, आणि ती गचके देऊ लागली की सोबत हात नेत नाकावर, कॉकपिटच्या पुढे, बोट अलगद टेकवावे. बोटाच्या हलक्या दाबाने गाडी सुरळीत चालली तर स्पर्श कमी पडतो आहे हे सिद्ध झाले, आणि मोटर, गिअर व चुंबक तूर्त संशयातून बाहेर पडले. मला ठाऊक असलेली ही सर्वांत उपयोगी चाचणी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

यानंतर गाडी उलटी करून वेण्या नीट न्याहाळाव्यात. चांगल्या वेणीचा रंग तांबूस किंवा, कथिलाचा मुलामा असल्यास, रुपेरी असतो. तिच्या तारा मऊ असतात आणि टोकाला किंचित पसरलेल्या असतात. बिघडलेली वेणी मधोमध काळी, कडक आणि चपटी झालेली असते, आणि नखाने उचलली तर ती परत खाली येत नाही. काळा थर हा ठिणग्यांनी आलेला आहे. स्पर्श तुटला की ठिणगी पडते, ठिणगीने पृष्ठभाग जळतो, जळलेल्या पृष्ठभागावर स्पर्श आणखी बिघडतो, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही. वेणी हलकी मळलेली असेल तर अल्कोहोलने पुसून, टोकाच्या तारा टाचणीने मोकळ्या कराव्यात. ती कडक झाली असेल तर बदलावी. तयार वेण्या मिळेपर्यंत सोल्डर उपसण्यासाठी वापरली जाणारी तांब्याची विक, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सहज मिळणारी जाळीदार फीत, योग्य रुंदीची पाहून काम भागवते. मात्र तिच्यातला फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावलेला चिकट पदार्थ) अल्कोहोलने आधी धुवावा आणि ती बोटांनी मळून मऊ करावी.

वेणीचा बाक हा पुढचा मुद्दा, आणि इथेच चांगल्या हातांचीही गफलत होते. वेणी पुरेशी खाली वाकलेली नसेल तर ती पट्टीला टेकत नाही, हे सर्वांना कळते. पण ती फार खाली वाकवली तर ती स्प्रिंगप्रमाणे हलके नाक वर उचलते, गाइडचे पाते खाचेतून अर्धे बाहेर येते आणि गाडी पहिल्याच वळणाला बाहेर फेकली जाते. जड गाडीत हा बाक थोडा जास्त झाला तरी वजन त्याला दाबून धरते. एकआसनी गाडीत ती सवलत नाही. योग्य स्थिती अशी, की वेणी मुळापासून हलक्या उताराने खाली येते, तिचे मागचे टोक पट्टीवर सपाट पडते, आणि गाडी ट्रॅकवर ठेवल्यावर गाइडचा सपाट भाग ट्रॅकच्या पृष्ठभागाजवळ बसतो. गाडी डोळ्याच्या पातळीवर धरून बाजूने पाहिले की हे स्पष्ट दिसते. दोन्ही वेण्यांचा बाक सारखा असावा, नाहीतर नाक एका अंगाला कलते.

मग पुढची चाके पाहावीत. गाडी ट्रॅकवर ठेवून पुढचे प्रत्येक चाक नखाने फिरवावे. ते जेमतेम टेकत असेल आणि सहज फिरत असेल तर ठीक. घट्ट दाबले गेले असेल तर नाकाचे वजन गाइडऐवजी टायरांनी उचललेले आहे. वीज उचलण्याच्या दृष्टीने हे वजन वाया गेले. रबरी टायर असल्यास, ते ॲक्सलसह काढून, सपाट ठेवलेल्या बारीक सँडपेपरवर फिरवत त्यांचा व्यास अगदी थोडा कमी करता येतो. एका वेळी फार घासू नये, पुन्हा बसवून पाहावे. ज्या गाड्यांत पुढच्या ॲक्सलला वर-खाली सरकायला जागा असते, तिथे तो वर सरकतो की अडकून राहिला आहे, एवढेच पाहिले तरी पुष्कळदा काम होते.

पुढचा पंख हा या गाड्यांचा खास दोष आहे. खऱ्या गाडीशी साम्य राखण्यासाठी तो खूप खाली असतो, आणि ट्रॅक जिथे चढू लागतो त्या खोलगट जागी किंवा तुकड्यांच्या उंच-सखल सांध्यावर तो ट्रॅकला टेकून नाक उचलतो. पंखाच्या खालच्या बाजूवर चकाकणारे समांतर ओरखडे आहेत का, हे तिरप्या प्रकाशात पाहावे. असल्यास दोष तिथेच आहे. सांध्याखाली कार्डाचा तुकडा घालून ट्रॅक समपातळीत आणणे हा उत्तम उपाय. पंख तापवून वाकवण्याचा उद्योग करू नये, कारण या पातळ प्लॅस्टिकचा आकार क्षणात बिघडतो.

वरील सर्व ठीक असूनही बोटाच्या दाबानेच गाडी सुधारत असेल, तर नाकात वजन घालावे. गाइडच्या लगेच मागे, चॅसिसच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) आतल्या बाजूला एक-दोन ग्रॅम शिसे किंवा टंगस्टनची पुट्टी पुरते. मासेमारीच्या गळाला लावायचे शिसे सपाट ठोकून, दुहेरी चिकटपट्टीने बसवता येते. ते हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मुलांना हे काम देऊ नये. साधारण ६० ते ८० ग्रॅमच्या गाडीत दोन ग्रॅमचा फरक लगेच जाणवतो. त्याहून पुष्कळ वजन घालून वेण्यांचा दोष झाकू नये, कारण गाडी ब्रेक घेताना जड होते आणि वेण्याही लवकर झिजतात.

चौथी पायरी: बॉडी आणि तारा

बॉडी चॅसिसला धरून ठेवणारे स्क्रू पूर्ण आवळलेले असतील तर ते अर्धा फेरा सैल करावेत. आवळलेल्या बॉडीमुळे चॅसिसला ताण येतो, त्याला किंचित पीळ पडतो आणि गाइड एका बाजूने उचलला जातो. सैल स्क्रूमुळे चॅसिस ट्रॅकशी समांतर राहू शकतो. हे काम स्क्रूड्रायव्हरने होते. तरीही ते चौथ्या पायरीवर ठेवले आहे, कारण एकआसनी मॉडेलचे स्क्रू लहान आणि त्यांचे आटे मऊ प्लॅस्टिकमध्ये असतात. वारंवार काढघाल केली तर ते पकड सोडतात. बॉडी उघडताना आरसे, हॅलो (चालकाच्या डोक्याभोवतीची संरक्षक कमान) आणि सस्पेन्शनचे पातळ दांडे बोटांखाली येणार नाहीत, अशा रीतीने गाडी मऊ फडक्यावर ठेवावी.

उघडल्यावर गाइडपासून मोटरपर्यंतच्या दोन्ही तारा पाहाव्यात. अरुंद नाकात या तारांना तीव्र वळसा घ्यावा लागतो, आणि गाइड प्रत्येक वळणावर फिरतो तेव्हा त्या गाइडच्या तोंडाशी दुमडतात. कालांतराने आतले तांबे तुटते, वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. तपासण्याची रीत अशी: गाडी खाचेत ठेवून मागचा भाग बोटावर उचलावा, म्हणजे मागची चाके हवेत फिरतील, कमी वेगात मोटर चालू ठेवून गाडी गाइडभोवती डावीकडे आणि उजवीकडे वळवावी. एका बाजूला वळवताच आवाज तुटत असेल तर तार तुटलेली आहे किंवा तिचे टोक गाइडमध्ये सैल आहे. टोकाची पितळी नळी पुन्हा घट्ट बसवल्याने काही वेळा दोष जातो. काही गाड्यांत तारा थेट वेणीपर्यंत जात नाहीत. चॅसिसमधल्या धातूच्या जिभल्या गाइडच्या माथ्यावर दाबून बसतात आणि स्पर्श तिथे होतो. त्या जिभल्या अल्कोहोलने पुसून, चिमट्याने केसभर वर उचलल्या की दाब परत येतो. तार बदलायची असल्यास सिलिकॉनचे आवरण असलेली, बारीक आणि पुष्कळ तंतूंची तारच घ्यावी. जाड, ताठ तार गाइडला मोकळेपणाने फिरू देत नाही.

मल्टिमीटर असल्यास अखंडतेच्या सेटिंगवर एक टोक वेणीवर आणि दुसरे मोटरच्या त्याच बाजूच्या टोकावर धरून तार हलवावी. आवाज तुटता कामा नये.

पाचवी पायरी: ट्रॅकमधली वीज

पहिल्या पायरीत दोष ट्रॅकमध्ये आढळला असेल आणि पुसून तो गेला नसेल, तर तुकड्यांचे सांधे तपासावेत. प्रत्येक सांध्यावर पट्टीची टोके एकमेकांत दाबून बसतात, आणि वारंवार जोडणे-सोडवणे झाले की ती सैल पडतात. एका सांध्याचा अडथळा किरकोळ असतो, पण वीज जोडलेल्या तुकड्यापासून सर्वांत दूरच्या भागापर्यंत तो साचत जातो. म्हणूनच लांब ट्रॅकवर दूरच्या टोकाला गाड्या मंदावतात.

ॲनालॉग ट्रॅकवर, म्हणजे ट्रिगरच्या दाबाप्रमाणे पट्ट्यांतले व्होल्टेजच बदलते अशा साध्या ट्रॅकवर, हे मोजण्याची खात्रीची पद्धत म्हणजे भारासह मोजणे. नुसता मल्टिमीटर लावला तर सैल सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर जवळजवळ काहीच वीज खेचत नाही. दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा १२ व्होल्ट, ५ वॅटचा दिवा दोन तारांनी पट्ट्यांना लावावा, सोबत्याला ट्रिगर पूर्ण दाबायला सांगावे आणि दिव्याजवळच मीटर लावून आकडा पाहावा. दिवा सुमारे ०.४ अँपिअर घेतो, जो धावत्या गाडीच्या जवळपास आहे. काही सेकंदांत वाचन घेऊन तो काढावा, कारण त्याची काच तापते आणि ट्रॅकचे प्लॅस्टिक खराब करू शकते. वीज जोडलेल्या तुकड्यावर आणि सर्वांत दूरच्या तुकड्यावर मिळालेल्या आकड्यांत एक व्होल्टपेक्षा अधिक फरक असेल तर सांधे दुरुस्त करावेत: तुकडा सोडवून, टोक चपट्या पकडीने हलके दाबून पुन्हा बसवावे. ट्रॅक कायमचा मांडलेला असेल तर दूरच्या टोकापर्यंत खालून वेगळ्या जाड तारा नेऊन वीज द्यावी. हा उपाय कायमचा असतो, फक्त दोन्ही बाजूंची ध्रुवता सारखी राहील याची खात्री करून घ्यावी. डिजिटल ट्रॅकवर पट्ट्यांमधून विजेसोबत संकेतही जातात, त्यामुळे दिव्याची ही चाचणी तिथे करू नये.

परदेशातून आणलेल्या संचांबाबत एक वेगळी तपासणी अत्यावश्यक आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या संचाच्या ॲडॉप्टरवर इनपुट केवळ १२० व्होल्ट लिहिलेले असेल, तर तो आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये कधीही लावू नये. नुसता पिनांचा कन्व्हर्टर व्होल्टेज बदलत नाही. इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तरच तो चालतो. नवा ॲडॉप्टर घेताना आउटपुटचे व्होल्टेज, डीसी असणे, प्लगची ध्रुवता आणि अँपिअरची क्षमता या चारही गोष्टी मूळ लेबलशी जुळायला हव्यात. क्षमता कमी पडली तर दोन्ही गाड्या एकदम वेग घेताना दोन्ही मंदावतात, आणि हे लक्षण मळलेल्या वेण्यांसारखेच भासते.

सहावी पायरी: गिअर, चुंबक, मोटर

गाडी तापत असेल किंवा आवाज कर्कश असेल तर मागचा ॲक्सल हाताने फिरवून पाहावा. एकआसनी गाडीत मोटर बहुधा उभी, म्हणजे गाडीच्या लांबीत असते, आणि तिच्या दांड्यावरचे छोटे पिनियन ॲक्सलवरच्या क्राउन गिअरला काटकोनात फिरवते. दोन्हींचे दात फार घट्ट भिडले तर मोटर घर्षणात शक्ती घालवते, आणि सैल असले तर दात घसरून आवाज येतो पण चाक फिरत नाही. ॲक्सल डावी-उजवीकडे सरकवल्यावर अगदी थोडी हालचाल जाणवली पाहिजे. तडकलेले पिनियन भिंगाखाली ओळखू येते; ते दांड्यावर नुसते फिरते आणि डिंकाने टिकत नाही, ते बदलावेच लागते. बुशवर सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब द्यावा, त्याहून अधिक नको, आणि तेल मोटरच्या आत किंवा वेण्यांवर जाऊ देऊ नये.

चुंबक ट्रॅकच्या पट्ट्यांना ओढून मागचा भाग दाबून धरतो. तो पट्ट्यांच्या फार जवळ आला, विशेषतः मागचे टायर झिजल्यामुळे, तर मोटरला सतत जादा जोर लावावा लागतो. चुंबक तात्पुरता काढून पाहावा. गाडी वळणात घसरेल, पण सरळ रस्त्यावर तापणे थांबले तर कारण सापडले. काढलेला निओडिमियम चुंबक लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा डबीत ठेवावा. एकाहून अधिक चुंबक पोटात गेल्यास आतड्याला गंभीर इजा होऊ शकते, आणि तशी शंका जरी आली तरी लगेच रुग्णालयात जावे.

मोटरची अंतिम चाचणी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीने होते. तिचे दोन्ही ध्रुव तारांनी थेट मोटरच्या टोकांना लावावेत. मोटर लगेच आणि एकसारखी फिरली तर ती निर्दोष आहे, मग पुन्हा तिसऱ्या व चौथ्या पायरीकडे वळावे. ती अडखळत असेल, किंवा बोटाने दांडा फिरवल्यावरच सुरू होत असेल, तर आतले कार्बन ब्रश किंवा कम्युटेटर झिजलेले आहेत. या आकाराच्या बहुतेक मोटरी बंद डब्याच्या असतात आणि त्यांचे ब्रश वेगळे बदलता येत नाहीत, म्हणून मोटरच बदलावी. नवी मोटर लावल्यावर गाडी उलटी धावली तर दोन तारांची अदलाबदल करावी. डिजिटल चिप असलेल्या गाडीत ही चाचणी चिपच्या मार्गे करू नये. बॅटरी उलटी लागली तर चिप जळू शकते.

कुठे थांबावे

ट्रान्सफॉर्मर किंवा ॲडॉप्टर तापून वास येत असेल, गुणगुणत असेल, त्याची वायर सोललेली असेल किंवा आवरण फुगलेले असेल, तर प्लग काढावा आणि तो पुन्हा लावू नये. त्याच्या आत घरगुती २३० व्होल्ट असतात. तो उघडणे हे छंदाचे काम नव्हे. त्याच व्होल्टेज व क्षमतेचा नवा घ्यावा, किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकार दुरुस्तीकाराला दाखवावा.

डिजिटल गाडीची वेणी, गाइड आणि तारा निर्दोष असूनही ती लेन बदलण्याचा आदेश मानत नसेल किंवा स्वतःचा क्रमांक टिकवत नसेल, आणि दुसरी डिजिटल गाडी त्याच ट्रॅकवर ठीक चालत असेल, तर दोष बहुधा चिपमध्ये आहे. चिपवरचे सांधे इतके सूक्ष्म असतात की घरगुती सोल्डरगनने ते बिघडण्याचीच शक्यता अधिक असते. अशी गाडी निर्मात्याच्या अधिकृत सेवेकडे द्यावी. मोटरच्या टोकांवर सोल्डर करण्याचा सराव नसेल तरही थांबावे, कारण तिथे उष्णता जास्त वेळ लागली तर टोकाभोवतीचे प्लॅस्टिक वितळते आणि चांगली मोटर जागीच वाया जाते. मर्यादित संख्येत निघालेले किंवा मूळ खोक्यासह जपलेले मॉडेल असेल तर वेण्या साफ करणे आणि त्यांचा बाक नीट करणे यांच्या पुढे स्वतः जाऊ नये; अशा गाडीत टायर घासणे किंवा तारा बदलणे हे तिच्या मूळ स्थितीत केलेले बदल ठरतात.

गाडी दुरुस्तीला देताना सोबत एका कागदावर लिहून द्यावे: दोष कोणत्या लेनवर आणि कोणत्या जागी दिसतो, बोटाच्या दाबाने तो जातो का, बॅटरीवर मोटर कशी फिरली, ट्रॅकच्या दोन टोकांना भारासह किती व्होल्ट मिळाले, आणि ॲडॉप्टरच्या लेबलवर काय छापले आहे. काढलेले जुने भाग, विशेषतः जुन्या वेण्या, फेकून न देता त्याच पिशवीत ठेवावेत. त्यांवरच्या जळण्याच्या खुणा पाहून दुरुस्ती करणाऱ्याला दोषाची बाजू चटकन कळते.